कावळा, फांदी आणि निगेटिव्ह रिपोर्ट

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ असं कोणी म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतात, शेजारच्या काकू ‘सुटलात बाई एकदाच्या’ म्हणतात आणि ऑफिसातून विचारणा होते, ‘मग सोमवारपासून येताय ना?’ २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

स्वॅब घेतात तो नाकातून किंवा घशातून. त्या काडीवर लॅब एकच गोष्ट शोधते: विषाणूचं जनुकीय द्रव्य सापडतंय का? नाही सापडलं, की निगेटिव्ह. म्हणजे हे उत्तर त्या दिवशीच्या नाकाबद्दल आणि घशाबद्दल आहे. हृदयाचं काय झालं, किडनीचं काय झालं, रक्त कुठे साकळलं का, हे त्या काडीला कोणी विचारलेलंच नसतं. मे २०२० मध्ये डिस्चार्जचे नियम बदलले आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी ही टेस्टसुद्धा उरली नाही. लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल, तर घरी जा. हा नियम चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. खाटा कमी होत्या, माणसं जास्त होती. पण घरी गेलेला तो माणूस रोजच्या आकडेवारीत ‘बरे झालेले’ या रकान्यात जाऊन बसला, आणि तो रकाना पुन्हा कधी उघडला गेला नाही.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. श्वासावाटे आत आलेला आजार फुप्फुसापाशी थांबत नसेल, तर तो नेमका कुठे संपला हे ठरवायचं कोणी? आणि पुढच्या काही महिन्यांत त्या माणसाच्या शरीरात काही बिघडलं, तर ते ‘त्यामुळेच’ झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

*

आधी शरीरात काय घडतं ते बघू, कारण नैतिक प्रश्नाचा गुंता तिथेच तयार होतो.

फुप्फुस म्हणजे हवेचा फुगा असं चित्र आपल्या डोक्यात शाळेपासून असतं. प्रत्यक्षात ते हवा आणि रक्त यांच्या भेटीचं ठिकाण आहे. वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की ऑक्सिजन सहज पलीकडे जातो, आणि पलीकडे लगेच रक्त असतं. हे रक्त मिनिटाभरात सगळं शरीर फिरून येतं. त्यामुळे ‘फक्त छातीचा आजार’ ही कल्पनाच जरा डळमळीत आहे.

कोविडच्या विषाणूचं उदाहरण घेऊ. तो पेशीत शिरतो ते एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन श्वसनमार्गात असतं, तसंच आतड्यात, किडनीत आणि हृदयातही असतं. कोविडमध्ये अनेकांचा वास गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की वास ओळखणाऱ्या मज्जापेशीच मेल्या. पण त्या पेशींवर एसीई-२ जवळजवळ नसतंच. ते असतं त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. घर ज्या खांबांवर उभं होतं ते खांब पडले आणि आतले लोक मुके झाले, असा तो प्रकार.

पण विषाणू स्वतः जिथे पोचतो तिथेच नुकसान होतं असंही नाही. दुसरा मार्ग आपल्याच प्रतिकारशक्तीचा. ती विषाणूवर हल्ला करताना रासायनिक संदेश रक्तात सोडते, आणि ते संदेश सगळीकडे जातात. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक गुळगुळीत अस्तर असतं. सूज आली की ते खरबरीत होतं आणि त्यावर रक्त साकळू लागतं. हा तिसरा मार्ग, गुठळ्यांचा. २०२० च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांत आयसीयूत दाखल झालेले १८४ कोविड रुग्ण तपासले, तर त्यांतल्या ३१ टक्क्यांना गुठळ्यांशी संबंधित गुंतागुंत झालेली होती. चौथा मार्ग ऑक्सिजन कमी पडण्याचा आणि रक्तदाब घसरण्याचा. याची झळ किडनीला लगेच बसते. न्यूयॉर्क परिसरात पहिल्या लाटेत दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ३६.६ टक्के रुग्णांच्या किडनीला तीव्र इजा झाली होती. शंभरातले छत्तीस-सदतीस, तेही छातीच्या म्हणवल्या जाणाऱ्या आजारात.

आणि पाचवा मार्ग उपचाराचा. स्टेरॉइडने गंभीर रुग्णांचे जीव वाचले, ही पक्की गोष्ट आहे. पण स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे म्युकरमायकोसिसची साथ आली ती या वाटेने: आधीचा मधुमेह, त्यात कोविड, त्यावर बरेचदा गरजेपेक्षा जास्त किंवा जास्त दिवस दिलेलं स्टेरॉइड, आणि मग नाकातून डोळ्याकडे सरकणारी बुरशी. जूनअखेरपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातले खूप. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कित्येकांचा वरचा जबडा.

आता सांगा, त्या माणसाचा डोळा कशाने गेला? बुरशीने? साखरेने? स्टेरॉइडने? की कोविडने? तो माणूस तर तेव्हा ‘निगेटिव्ह’ होता.

*

हे सगळं कोविडपुरतंच आहे, असं वाटत असेल तर ‘साधा फ्लू’ घ्या.

१८४७ साली लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. विल्यम फार हे तिथल्या मृत्युनोंदणीच्या कचेरीत आकडेवारीचं काम बघत. त्यांच्या लक्षात आलं की ‘इन्फ्लुएंझाने मेले’ म्हणून नोंदलेल्यांची संख्या एक सांगते आणि त्या आठवड्यांत एकूण किती जास्त माणसं मेली ती संख्या भलतंच काही सांगते. दुसरा आकडा कितीतरी मोठा होता. नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजायची पद्धत तिथून रुळत गेली. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेत सेल्विन कॉलिन्स यांनी दाखवून दिलं की फ्लूच्या साथीत हृदयविकार आणि इतर कारणांखाली नोंदलेले मृत्यूही वाढतात. म्हणजे दाखल्यावर ‘हार्ट’ लिहिलेलं असतं, पण त्या आठवड्यात तेवढे हार्ट एकदम बंद पडायला साथ कारणीभूत असते.

मग २०१८ मध्ये कॅनडातल्या आँटारिओ प्रांतातून एक अभ्यास आला, जो मला आजही फार सुंदर वाटतो. त्यांनी अशी माणसं निवडली ज्यांना लॅबमध्ये सिद्ध झालेला फ्लू झाला होता आणि ज्यांना त्याच्या आगेमागे वर्षभरात हार्ट अटॅक येऊन दाखल व्हावं लागलं होतं. या माणसांची तुलना दुसऱ्या कोणाशी केली नाही. त्यांची तुलना त्यांच्याशीच केली. फ्लू झाल्यानंतरचे ७ दिवस एका बाजूला, त्याच माणसाच्या आयुष्यातला आधीचा आणि नंतरचा काळ दुसऱ्या बाजूला. तेच वय, तीच साखर, तीच सिगारेट, तोच स्वभाव. उत्तर आलं: त्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट.

*

आपल्याकडे एक म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. ताडाच्या झाडावर कावळा बसावा आणि त्याच क्षणी फळ पडावं, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण, असं मानू नये, एवढी शहाणी सूचना त्यात आहे.

आणि जुन्या तर्कशास्त्राने नुसती सूचना देऊन हात झटकले नाहीत, कारण ओळखायची रीतही दिली: अन्वय आणि व्यतिरेक. ही गोष्ट असताना ती घडते का, आणि ही नसताना ती घडायची थांबते का, दोन्ही बघा. आँटारिओच्या अभ्यासाने एकाच शरीरावर नेमकं हेच केलं. फ्लू असलेला आठवडा आणि फ्लू नसलेले आठवडे. तेव्हा हा कावळा रिकामा नाही, एवढं आता नक्की म्हणता येतं. तो बसला की फांद्या जास्त तुटतात.

पण गंमत अशी, आणि ही गंमत क्रूर आहे, की यातून ‘हीच फांदी कावळ्याने तोडली’ असं कधीच म्हणता येत नाही.

सहापट म्हणजे काय ते ढोबळपणे मांडू. फ्लूनंतरच्या त्या आठवड्यात हार्ट अटॅक आलेली सहा माणसं समोर बसवली, तर त्यांतल्या एकाला फ्लू झाला नसता तरी तो त्या आठवड्यात आलाच असता. बाकी पाचांना त्या आठवड्यात आला नसता. कदाचित दोन वर्षांनी आला असता, कदाचित कधीच नाही. पण सहातला तो एक कोण, आणि ते पाच कोण? एमआरआय सांगत नाही, रक्ताची तपासणी सांगत नाही. सहाही जणांच्या धमन्या सारख्याच तुंबलेल्या दिसतात. विज्ञान ‘यांच्यातल्या पाच जणांना’ असं ठामपणे सांगतं आणि ‘तुम्हाला’ असं सांगायची वेळ आली की गप्प होतं.

हे गप्प होणं प्रामाणिक आहे. प्रश्न पुढचा आहे. विज्ञान गप्प झालं की उरलेली जागा कोण भरतं? माझं निरीक्षण असं, की ती जागा प्रत्येक वेळी एकाच दिशेने भरली जाते. ‘सिद्ध करता येत नाही’ याचं रूपांतर ‘झालंच नाही’ यात होतं. संशय सगळ्यांच्या मनात सारखा असतो, पण त्याचा खर्च आजारी माणूस एकटा भरतो.

*

हा खर्च कधी कधी अक्षरशः रुपयांत असतो.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर कारणाचा दाखला भरतात. त्या फॉर्ममध्ये एकच ओळ नसते, कारणांची साखळी असते: लगेचचं कारण काय, ते कशामुळे झालं, आणि ते पुन्हा कशामुळे. साखळीच्या तळाशी जे असतं, ज्याने ही गाडी पहिल्यांदा उतारावर ढकलली, ते मूळ कारण धरायचं. ‘हृदय बंद पडलं’ हे कारण होऊच शकत नाही, कारण मेल्यावर सगळ्यांचंच हृदय बंद पडतं. कागदावर ही रीत फार समंजस आहे. पण २०२० आणि २०२१ मध्ये आपण काय ऐकत होतो ते आठवा. ‘त्यांना शुगर होतीच.’ ‘बीपीची गोळी चालू होती ना.’ ‘वय झालं होतं.’ जणू आधीचा आजार असला की नंतरच्या आजाराला शंभर गुन्हे माफ. मधुमेह असलेला माणूस अजून वीस वर्षं जगणार होता, हे त्या वाक्यात कुठे येतच नाही.

जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत दिली पाहिजे आणि मृत्यूचा दाखला मिळवणं सोपं केलं पाहिजे. त्यानंतर सप्टेंबरमध्ये नियम आले. टेस्ट केल्यापासून किंवा कोविड असल्याचं डॉक्टरांनी ठरवल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला, तर तो कोविड मृत्यू, मग माणूस घरी गेलेला का असेना. ३० दिवसांनंतरही सलग दाखलच असेल आणि तिथेच गेला, तरी तो कोविड मृत्यू. मदतीची रक्कम ५० हजार रुपये. ज्यांना दाखला नाकारला गेला त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर समिती.

मी या नियमाच्या बाजूचा आहे. तो येण्याआधी प्रत्येक कुटुंबाने आपल्या माणसाच्या फुप्फुसाची बाजू स्वतः मांडायची, असा मामला होता. नियमाने ते ओझं उचललं. कारण शोधत बसू नका, तारीख बघा, असं तो म्हणतो. सहातले पाच कोण हे कळत नसेल तर सहाही जणांना द्या, एकाला जास्तीचं मिळालं तर मिळू दे, हाच त्यामागचा विचार. तो दयाळू आहे आणि हिशेबालाही धरून आहे.

पण ३१ व्या दिवसाचं काय? १२ व्या दिवशी डिस्चार्ज घेऊन घरी आलेला माणूस ३५ व्या दिवशी सकाळी चहा पिता पिता कोसळला तर? विषाणूला ३० दिवस मोजता येत नाहीत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड होऊन ३० दिवस उलटून गेलेले १,५३,७६० जण, बहुतेक पुरुष. त्यांच्यात पुढच्या वर्षभरात हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयाची लय बिघडणं, गुठळ्या, या सगळ्यांचं प्रमाण कोविड न झालेल्यांपेक्षा जास्त निघालं. ज्यांना कधी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं नव्हतं, त्यांच्यातसुद्धा.

रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मला मान्य आहे. सरकारला ‘साधारण केव्हातरी’ अशा नियमावर पैसे वाटता येत नाहीत. एवढंच लक्षात ठेवायचं की ती रेघ प्रशासनाची सोय आहे. तिच्या पलीकडे सत्य संपत नाही. गडबड होते ती आपण घरात, ऑफिसात, मित्रांत तीच रेघ वापरायला लागतो तेव्हा.

*

मेलेल्यांचं निदान दाखल्यावर भागतं. जगलेल्यांचं कठीण आहे.

मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्वतःच्या न संपणाऱ्या आजाराबद्दल लिहिताना ट्विटरवर ‘लाँग कोविड’ हा हॅशटॅग वापरला. या आजाराचं नाव डॉक्टरांनी ठेवलेलं नाही, रुग्णांनी ठेवलं आहे. जगभरातले लोक एकमेकांना ‘मलाही’ म्हणत राहिले आणि त्यातून आधी नाव झालं, मग आजार. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यात एक अट आहे: लक्षणांचा खुलासा दुसऱ्या कुठल्या निदानाने होत नसावा. म्हणजे बाकी सगळं नाकारून झाल्यावर जे उरतं ते. अशा आजाराच्या माणसाला पुरावा म्हणून दाखवायला काय असतं? नॉर्मल रिपोर्टांची फाइल.

माझी एक मैत्रीण आहे, तिशीतली. तिचा वास गेला आणि परत आला तो वाकडा होऊन. कांदा परतला की तिला जळलेल्या रबराचा वास येतो. कॉफीचा सांडपाण्यासारखा. ती जेवायची ते वरणभात आणि दही, वर्षभर. घरचे आधी हसले, मग कंटाळले, मग म्हणाले, ‘मनावर घेऊ नकोस, जेव.’ तिला सगळ्यात जास्त टोचलं ते मनावर न घेण्याबद्दलचं वाक्य. नाकातल्या आधारपेशी ढासळल्या होत्या आणि इलाज सांगितला जात होता मनाचा.

इथे आपण एक घोळ करतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. आपल्यासमोर खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न असतात. या माणसाला त्रास होतोय का? तो कशामुळे होतोय? आणि त्याबद्दल कोणी काय करायचं? आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर टांगून ठेवतो. कारण सापडलं तर त्रास खरा. नाही सापडलं तर ‘थोडं फिरायला जात जा’.

पण त्रासाचा पुरावा तो भोगणाऱ्याकडेच असतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण म्हणतो ना. कारणाचं तसं नाही. ते भोगणाऱ्यालाही आतून कळत नाही. माझ्या मैत्रिणीला कांद्याचा वास रबरासारखा येतो, यावर तिच्याइतका अधिकार जगात कोणाला नाही. तो कोविडमुळेच येतो का, यावर मात्र तिचा अधिकार तुमच्या-माझ्याएवढाच. पहिल्या प्रश्नात तिच्यावर विश्वास ठेवणं ही सभ्यता आहे. दुसऱ्यात पुरावा मागणं हीसुद्धा सभ्यताच. दोन्ही एकाच वेळी करता येतात.

*

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. असं कारण मोकळं सोडलं तर लोक वाट्टेल ते कारण चिकटवतील.

चिकटवलंच आहे. गेल्या काही वर्षांत जिममध्ये, गरब्यात, क्रिकेट खेळताना कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील, आणि खाली ठरलेली ओळ: ‘लशीचा परिणाम.’ कावळा बसला, फांदी तुटली, फॉरवर्ड केलं. पण इथे कोणीतरी अन्वय-व्यतिरेकाचं काम केलेलं आहे. आयसीएमआरने १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट असलेल्या आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि तिची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जणांशी केली. देशातली ४७ रुग्णालयं यात होती. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही; दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात आधी असा अचानक मृत्यू झालेल्यांत, आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यालेल्यांत, ड्रग्ज घेतलेल्यांत आणि त्या दोन दिवसांत अंगावर येईल असा व्यायाम केलेल्यांत.

म्हणजे लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. तरुण माणसं कोसळत होती आणि साथीचा त्याच्याशी काही संबंध होता. बोट मात्र चुकीच्या ठिकाणी रोखलं गेलं. मला यात एक गोष्ट दिसते. ज्या घरातला पंचविशीचा मुलगा गेला, त्या घराला कोणीतरी ‘असं का झालं’ याचं उत्तर द्यायला हवं होतं. ‘नशीब’ आणि ‘अटॅक’ हे दोनच शब्द त्यांच्या हाती ठेवून व्यवस्था निघून गेली. मग जो पहिला कारण घेऊन आला त्याचं कारण घरात शिरलं. दुःखाची दखल वेळेवर घेतली असती, तर अफवेला इतकी मोकळी जागा मिळाली नसती. म्हणून आक्षेपाला माझं उत्तर असं, की त्रासावर विश्वास ठेवल्याने खोटी कारणं वाढत नाहीत. त्रास झिडकारल्याने वाढतात.

*

अजून एक टोक उरलं आहे, आणि ते तुमच्या-माझ्या खिशातल्या रुमालाशी येऊन थांबतं.

आतापर्यंत मी आजारी माणसाच्या बाजूने बघत होतो. आता देणाऱ्याच्या बाजूने बघू. समजा मला सर्दी-ताप आहे, बहुधा फ्लू. मी सकाळच्या ८.४० च्या लोकलमध्ये चढतो, कारण सुट्टी संपली आहे किंवा सुट्टी मागायची लाज वाटते. डब्यात मी खोकतो. शेजारी उभे असलेले साठीचे गृहस्थ ठाण्याला उतरून जातात. आठवड्याभराने त्यांना छातीत कळ येते. त्यांच्या घरी कोणाला फ्लू आठवतही नाही. डॉक्टर कोलेस्टेरॉल बघतात. मला तर ते गृहस्थच आठवत नाहीत.

मी काही केलं का?

कुठलंही न्यायालय मला दोषी धरणार नाही, आणि धरूही नये. त्या सहातले ते कोण होते हे कोणालाच सांगता येत नाही. पण खोकल्यांच्या हजार प्रवासांमागे काही माणसं दुखावली जातात, हे आकडे सांगतात. आपल्या नीतीची सवय चेहऱ्यांची आहे. कोणाला मारलं, कोणाला फसवलं, कोणाचं घेतलं, या सगळ्याला नाव आणि चेहरा असतो. श्वासातून जाणाऱ्या आजाराने अशी इजा होते जिला करणारा आहे, सोसणारा आहे, आणि दोघांची ओळख कधीच पटणार नाही. अशा वेळी ‘सिद्ध कर’ म्हणणं म्हणजे जबाबदारी कायमची रद्द करणं. मला वाटतं, जिथे इजा कोणाची हे कळू शकत नाही, तिथे जबाबदारी आधीच, म्हणजे घडण्यापूर्वीच घ्यावी लागते. नंतर तिचा ताबा घ्यायला कोणी येत नाही.

ती घ्यायची तर काय करायचं, याची यादी अगदी साधी आहे. ताप असताना घरी राहणं. ते शक्य नसेल, आणि रोजंदारीवर असणाऱ्यांना ते शक्य नसतंच, तर मास्क. घरात हृदयविकाराचं माणूस असेल तर त्यांच्या डॉक्टरांना दरवर्षीच्या फ्लूच्या लशीबद्दल विचारणं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना लगेच फ्लूची लस दिल्यावर वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक अशा घटना कमी झाल्याचं २०२१ च्या एका चाचणीत दिसलं आहे: लस न मिळालेल्यांत ७.२ टक्के, मिळालेल्यांत ५.३ टक्के. आणि हाताखाली कोणी काम करत असेल, तर ‘साधी सर्दी आहे ना’ म्हणून त्याला बोलावून न घेणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात आपली गैरसोय होते.

जबाबदारीचा दुसरा भाग आजारातून उठलेल्या माणसाशी बोलण्याचा आहे. ‘आता बरा आहेस ना?’ हा प्रश्न आपण प्रेमाने विचारतो, पण त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. त्याऐवजी ‘जिने चढताना कसं वाटतं?’, ‘झोप लागते का?’, ‘जेवणाची चव येते?’ असं काही विचारून बघा. माझ्या त्या मैत्रिणीला कोणीतरी सहज विचारलं होतं, ‘कशाकशाचा वास नीट येतो तुला?’ तिने यादी दिली: लिंबू, पेट्रोल, पावसाची माती, बाळाचं डोकं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी तिला जे उरलंय त्याबद्दल विचारलं होतं, आणि त्यासाठी तिला आधी काहीही सिद्ध करावं लागलं नव्हतं.